वाय-फाय ग्रंथालयाच्या खात्यात टाका

केरळ उच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी दिलेला एक निकाल महाराष्ट्रातल्या प्रत्येक रेक्टरच्या टेबलावर असायला हवा. कोझिकोड जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाइल जमा करायचा नियम होता. पदवीच्या मुलींना लॅपटॉपही वापरता येत नसे. कारण नेहमीचेच, मुलींचे अभ्यासात लक्ष लागावे. बी. ए. करणाऱ्या एका मुलीने हा नियम मानायला नकार दिला, तिला वसतिगृहातून काढले आणि ती कोर्टात गेली. ‘फहीमा शिरीन विरुद्ध केरळ राज्य’ या खटल्यात न्यायमूर्ती पी. व्ही. आशा यांनी राज्यघटनेच्या कलम २१चा आधार घेऊन सांगितले, की इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. मुलीला वसतिगृहात परत घ्यावे लागले.

या निकालाची चर्चा झाली ती मोबाइलबंदीच्या अंगाने. त्या मुलीचे म्हणणे मात्र साधे होते: माझ्या अभ्यासाचे साहित्य इंटरनेटवर आहे आणि तुम्ही मला तिथपर्यंत जाऊ देत नाही. आपल्या विद्यापीठांच्या वाय-फायकडे या वाक्यातून पाहावे, असे मला फार दिवसांपासून वाटते. आवारातले वाय-फाय हा विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा भाग मानावा. त्याचा पैसा, वेळा, नियम आणि त्यावर नेमलेली माणसे ग्रंथालयाच्या हिशेबाने ठरावीत. आज हे सगळे ठरते ते कुठे ठेकेदाराच्या सोयीने, कुठे रेक्टरच्या मर्जीने, तर कुठे संस्थांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या समितीची तारीख जवळ आली म्हणून.

ग्रंथालयाचा भाग असे मी अलंकार म्हणून म्हणत नाही. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० ई-नियतकालिके, केंद्र आणि राज्यांच्या ६,३००हून अधिक सरकारी संस्था, असा तिचा आवाका आहे. जानेवारी २०२५पासून ती सुरू झाली आणि विद्यापीठांची ग्रंथालये जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राकडे तिचे समन्वयाचे काम आहे. तत्त्वतः याचा अर्थ फार मोठा आहे. जी नियतकालिके वाचायला पूर्वी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मित्राला मेल करावा लागे, ती आता गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातल्या मुलालाही उघडता यायला हवीत. वर्गणीचे वाढते दर परवडत नाहीत म्हणून एकेक नियतकालिक बंद करत गेलेल्या राज्य विद्यापीठांना एवढे मोठे दालन पूर्वी कधी मिळाले नव्हते.

पण या दालनाचे दार कुठे आहे? ही नियतकालिके मुख्यतः संस्थेच्या स्वतःच्या जाळ्यातून, म्हणजे नोंदवलेल्या आयपी पत्त्यांवरून (इंटरनेटवरच्या जोडणीच्या क्रमांकांवरून) उघडतात. बाहेरून वाचायची तर संस्थेने इन्फेडचे, म्हणजे ओळख पटवून आत सोडणाऱ्या व्यवस्थेचे, लॉगिन करून द्यावे लागते. ते सगळ्या संस्थांनी सगळ्या विद्यार्थ्यांना दिलेले आहे, असे कोणीही छातीठोकपणे म्हणणार नाही. म्हणजे मोबाइलच्या डेटावर गुगल उघडेल, इन्स्टाग्राम उघडेल, पण ज्यासाठी सरकारने ६,००० कोटी मोजले तो शोधनिबंध पहिल्या पानावर सारांश दाखवून थांबेल आणि पुढे डॉलरमध्ये किंमत मागेल. तोच निबंध आवारातल्या वाय-फायवर पूर्ण उघडतो. ग्रंथालयाचे दार आठवडाभर बंद राहिले तर कुलगुरूंच्या दालनाबाहेर मुले बसतील. वाय-फाय महिनाभर बंद असले तर ती मुकाट हॉटस्पॉट लावतात, आणि प्रशासनाला वाटते, चालले आहे की.

यावर लगेच येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आता पोरासोरांकडे दिवसाला दीड-दोन जीबी असतात. मग विद्यापीठाने वाय-फायवर कशाला खर्च करायचा? हा आक्षेप घेणारे बहुतेक जण घरी ब्रॉडबँड असलेले असतात. वसतिगृहातल्या मुलाचा दिवसाचा डेटा दोन तासांच्या व्हिडिओ व्याख्यानात आणि एका सॉफ्टवेअरच्या डाउनलोडमध्ये संपतो. एकाच इमारतीतली पाचशे मुले एकाच टॉवरवर तुटून पडली की रात्री नऊला ‘फोर-जी’ची दांडी पूर्ण दिसते आणि पान मात्र उघडत नाही. जुलै २०२४मध्ये सगळ्या मोठ्या कंपन्यांनी दर वाढवले. ‘कमवा व शिका’ योजनेत तासाच्या हिशेबाने काम करून मेसचे पैसे भरणाऱ्या मुलाला ती वाढ जाणवते.

शिवाय मोबाइलवर प्रबंध लिहिता येत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८च्या ७५व्या फेरीत ग्रामीण घरांपैकी ४.४ टक्के घरांत संगणक होता, शहरी घरांपैकी २३.४ टक्के घरांत. त्यानंतर मोबाइल खूप पसरले, घरातला संगणक तितका पसरला नाही. अशा घरातून आलेल्या मुलाला मोठा पडदा आणि अखंड चालणारे नेट एकत्र मिळण्याची जागा म्हणजे त्याचे कॉलेज किंवा विद्यापीठ. २०२०च्या टाळेबंदीत कोकणातली एक विद्यार्थिनी रेंज मिळते म्हणून डोंगरावर झोपडी करून तिथे अभ्यास करत होती. तिचा फोटो सगळीकडे फिरला, तिच्या जिद्दीचे आपण भरभरून कौतुक केले. ते कौतुक रास्तच होते. पण आवार बंद झाले तेव्हा किती मुलांचे अभ्यासाचे एकमेव ठिकाण गेले, याची मोजदाद करण्याची तीच वेळ होती आणि ती आपण घालवली.

आता तंत्राकडे येतो, कारण आपल्याकडे याबाबत एक मोठा गैरसमज आहे आणि तो निर्णय घेणाऱ्यांमध्येच अधिक आहे. विद्यापीठापर्यंत येणारी तार सहसा चांगली असते. माहिती तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या २००९मधल्या राष्ट्रीय मोहिमेत विद्यापीठांना एक जीबीपीएसची जोडणी देण्याचे ठरले. मार्च २०१०मध्ये ५,९९० कोटी रुपयांच्या नॅशनल नॉलेज नेटवर्कला मंजुरी मिळाली. नॅकच्या अर्जातही विचारतात ते हेच: तुमची लीज्ड लाइन (संस्थेसाठी राखीव जोडणी) किती एमबीपीएसची? आकडा मोठा लिहिला की गुण मिळतात. मुलींच्या वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर, शेवटच्या खोलीत, रात्री दहा वाजता पान किती सेकंदांत उघडते, हे कोणत्याही रकान्यात विचारलेले नाही.

घोडे अडते ते शेवटच्या शंभर मीटरमध्ये. वाय-फायचा एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे सिग्नल देणारा डबा, ही एकच माइक असलेली सभा आहे. हॉलमध्ये दोनशे वक्ते असले तरी एका वेळी माइक एकाच्याच हातात, आणि एखादा अडखळत बोलणारा निघाला की बाकी सगळे ताटकळतात. जुना, संथ मोबाइल घेऊन दूर बसलेला विद्यार्थी तेवढीच माहिती घ्यायला हवेतला जास्त वेळ खातो. त्यात त्याचा दोष नाही, रेडिओचा स्वभावच तसा आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच: १, ६ आणि ११. आपल्या जुन्या इमारतींच्या दगडी भिंती लहरी शोषून घेतात. नेट येत नाही म्हणून मुले खोलीत स्वतःचे राउटर लावतात, त्या राउटरचा आवाज मूळ जाळ्याच्या आवाजात मिसळतो आणि आणखी कमी येते. अशा ठिकाणी तार दुप्पट जाड करून काही होत नाही. ॲक्सेस पॉइंट किती आणि कुठे, ते ५ गिगाहर्ट्झवर चालतात का, त्यांच्या वाहिन्या कोणी जुळवल्या, यावर सगळे अवलंबून असते. हे काम जागेवर जाऊन, मोजून करायचे आहे. बहुतेक निविदांमध्ये मात्र ‘संच पुरवणे व बसवणे’ एवढेच असते.

हे सगळे मुळात विद्यापीठांतच जन्मलेले शास्त्र आहे. जून १९७१मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने अलोहानेट सुरू केले. वेगवेगळ्या बेटांवरच्या लोकांना होनोलुलूच्या मुख्य संगणकाशी रेडिओने जोडायचे होते. प्रत्येकाने आपला निरोप पाठवून द्यायचा. दोन निरोप हवेत आदळले तर थोडे, पण प्रत्येकाने वेगवेगळे, थांबायचे आणि पुन्हा पाठवायचे. आजच्या वाय-फायमध्ये गर्दीतून वाट काढण्याची जी पद्धत आहे तिचे मूळ तिथे आहे. पुढे १९९३मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात ॲलेक्स हिल्स यांनी आवारभर बिनतारी जाळे उभारायला घेतले. ८०२.११ हे वाय-फायचे मानक यायला तेव्हा चार वर्षे अवकाश होता. सिग्नल कुठे पोचतो हे पाहायला त्यांच्या गटाने पुढे मोजमापाची साधने बसवलेली एक ढकलगाडीच बनवली आणि ती इमारतींमधून फिरवली. आपल्याकडेही इंटरनेट शिक्षणसंस्थांतूनच आले. १९८६मध्ये अर्नेट हे शिक्षण-संशोधन संस्थांचे जाळे सुरू झाले तेव्हा त्यात मुंबईची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था आणि आयआयटी होती. सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. ज्या विद्यापीठांत इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकशास्त्राचे विभाग आहेत, त्यांनी आपल्याच आवारातले जाळे मोजण्याचे काम एम. एस्सी.च्या मुलांना प्रकल्प म्हणून का देऊ नये? ते शिकतील, विद्यापीठाला नकाशा मिळेल, आणि ठेकेदाराच्या अहवालावर डोळे मिटून सही करण्याची वेळ येणार नाही.

वसतिगृहाचा विषय मला सगळ्यात जवळचा आहे, कारण तिथे हा प्रश्न समतेचा होतो. आपल्या कित्येक आवारांत मुलींच्या वसतिगृहाचे फाटक मुलांच्या आधी बंद होते. अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी असली तरी तिथे बसलेली बहुतेक मुलेच दिसतात, कारण मुलींना हजेरीच्या आत परतायचे असते. फाटकाच्या वेळेवरचा वाद वेगळा आणि तो चालू राहिला पाहिजे. पण जोवर ते फाटक लवकर बंद होते, तोवर मुलींच्या खोलीत पोचणारे वाय-फाय हेच त्यांचे रात्रीचे ग्रंथालय आहे. तिथे ते धड नसेल, किंवा ‘शिस्ती’साठी दहा वाजता बंद होत असेल, तर मुलींचे ग्रंथालय मुलांपेक्षा रोज काही तास कमी उघडे राहते. हे तास वर्षभराचे आणि पदवीभराचे मांडून पाहावेत. प्राध्यापकपदासाठीच्या नेट-सेट परीक्षांच्या निकालात त्याचा वाटा कुठे तरी दिसणारच.

रात्री नेट बंद ठेवण्यामागची काळजी मी झटकून टाकत नाही. २००७मध्ये आयआयटी मुंबईने वसतिगृहांतले इंटरनेट रात्री बंद ठेवायला सुरुवात केली होती. मुले रात्रभर खेळ खेळतात, सिनेमे पाहतात, सकाळच्या तासाला येत नाहीत, एकमेकांत मिसळत नाहीत, ही तिथली चिंता होती. ती खोटी नव्हती. मी शिकवतो तेव्हा पहिल्या तासाला तारवटलेले डोळे मलाही दिसतात. पण २००७मध्ये वसतिगृहाची तार बंद केली की इंटरनेट खरोखर बंद होत असे. आज तसे राहिलेले नाही. रात्री अकराला वाय-फाय बंद केले तरी ज्याच्याकडे डेटा आहे त्याचे रील्स चालू राहतात. बंद होतो तो फक्त आयपी पत्त्यावर उघडणारा शोधनिबंध, आणि अडतो तो फक्त डेटा विकत न घेऊ शकणारा मुलगा. शिस्तीच्या नावाखाली गरिबाचे तेवढे ग्रंथालय बंद करणारा नियम कोणत्याही विद्यापीठाने चालू ठेवू नये.

वर्गातली गोष्ट निराळी. तास चालू असताना मोबाइल खिशात ठेवा, लॅपटॉप मिटा, असे सांगण्याचा शिक्षकाला पूर्ण अधिकार आहे आणि मी तो वापरतो. समोर माणूस बोलत असताना त्याचे ऐकणे हा शिक्षणाचा भाग आहे. पण वर्गातला नियम वर्गात राहावा. सर्व्हर रूममधल्या माणसाने एका कळीने साऱ्या आवारासाठी काय उघडेल आणि काय नाही हे ठरवणे ही शिक्षकाची शिस्त होत नाही.

आणि ते ठरवले जाते. अनेक ठिकाणी यूट्यूब सरसकट बंद असते, कारण ‘बँडविड्थ खाते’. एनपीटीईएल हा आयआयटी आणि आयआयएससीचा ऑनलाइन व्याख्यानांचा उपक्रम २००३पासून चालू आहे आणि त्याची हजारो तासांची व्याख्याने यूट्यूबवर आहेत. ‘स्वयम’ या सरकारी संकेतस्थळावरचे अभ्यासक्रम करा, त्याचे श्रेयांक पदवीत धरू, असे एकीकडे विद्यापीठच सांगते. युजीसीच्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक असे मिळवता येतात. दुसरीकडे त्याच विद्यापीठाच्या फायरवॉलवर, म्हणजे जाळ्याच्या चाळणीवर, ती व्याख्याने अडतात. संगणकशास्त्राच्या मुलाला गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर काम चढवायचे असते तर त्याची वाट (पोर्ट) बंद. कोणी, कधी, का बंद केले हे विचारायला जावे तर उत्तर येते, ‘वरून आहे’. ग्रंथालयात एखादे पुस्तक घ्यायचे नाही असे ठरले तर निदान ग्रंथालय समितीच्या इतिवृत्तात त्याची नोंद राहते. फायरवॉलच्या यादीला असे कोणतेही इतिवृत्त नाही. जे बंद आहे त्याची यादी कारणासह जाहीर असावी, आणि शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अभ्यासासाठी मागितले तर दोन दिवसांत उघडावे. यात अशक्य काही नाही.

सुरक्षेचा मुद्दा मात्र महाराष्ट्राला हलक्यात घेता येत नाही. २००८च्या उन्हाळ्यानंतर देशात साखळी बॉम्बस्फोट झाले, तेव्हा दहशतवाद्यांचे ई-मेल मुंबई परिसरातल्या दुसऱ्यांच्या वाय-फायवरून गेले होते. एक सानपाड्यातून गेला, एक चेंबूरमधून, आणि ऑगस्टमधला माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वाय-फायवरून. ज्यांचे वाय-फाय होते त्यांचा काही संबंध नव्हता. जाळे नीट बंदिस्त नव्हते एवढेच. त्यानंतर फार थांबावे लागले नाही. दूरसंचार विभागाने फेब्रुवारी २००९मध्येच वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवण्याच्या सूचना काढल्या. म्हणून आवारातल्या जाळ्यावर नाव आणि पासवर्ड लागतो, आणि लागला पाहिजे. सगळ्यांसाठी एकच पासवर्ड कागदावर छापून भिंतीवर चिकटवणारी कॉलेजे आजही आहेत. तो पासवर्ड शेजारच्या चहाच्या टपरीवरही सगळ्यांना पाठ असतो. ते थांबले पाहिजे.

ओळख पटवणे आणि पाळत ठेवणे यांत मात्र फरक आहे, आणि तो कागदावर लिहिलेला असला पाहिजे. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार संस्थांना आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. या नोंदी विद्यार्थ्याबद्दल फार काही सांगू शकतात: तो किती वाजता कोणत्या इमारतीत होता, रात्री किती वाजेपर्यंत जागा होता, कोणत्या संकेतस्थळांवर गेला. एखादी मुलगी नैराश्याबद्दल वाचत असेल, एखादा मुलगा स्वतःच्या लैंगिकतेबद्दल, कोणी विद्यापीठाविरुद्धच्या आंदोलनाची तयारी करत असेल. चांगला ग्रंथपाल कोणी कोणते पुस्तक नेले हे विभागप्रमुखाला सांगत नाही. वाय-फायच्या नोंदींनाही हीच मर्यादा हवी. जोडणीची नोंद ठेवा, मुदत संपली की पुसा, आणि पोलिसांची लेखी, कायदेशीर मागणी आल्याखेरीज ती कोणालाही दाखवू नका. रेक्टरला नाही, पालकांना नाही, कुलसचिवांनाही नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३मध्ये संमत झाला आहे. विद्यापीठांनी त्याखाली स्वतःचे धोरण मराठीत लिहून लॉगिनच्या पानावर लावावे. ‘आय ॲग्री’वर टिचकी मारण्याआधी आपण कशाला होकार देतो आहोत हे अठरा वर्षांच्या मुलाला कळले पाहिजे.

सुरक्षित आणि तरीही मोकळे जाळे कसे असते याचा नमुना जगात आहे, आणि तो भारतातही आला आहे. एज्युरोम. २००२मध्ये नेदरलँड्समधल्या क्लास विरेंगा यांच्या कल्पनेतून त्याची सुरुवात झाली आणि आज शंभरहून अधिक देशांत ते चालते. तुम्ही दुसऱ्या विद्यापीठात गेलात तरी स्वतःच्याच विद्यापीठाच्या नावाने आणि पासवर्डने तिथल्या वाय-फायवर जाता. पासवर्ड तपासते ते तुमचे घरचे विद्यापीठ. पाहुणचार करणाऱ्या विद्यापीठाला तो दिसतही नाही. कोण आहे हे ठाऊक असते, पण उगाच चौकशी होत नाही. भारतात अर्नेट इंडिया ही व्यवस्था चालवते आणि आयआयटी मुंबईसारख्या संस्था त्यात आहेत.

मला ते महाराष्ट्रात सगळीकडे हवे आहे, आणि त्याचे कारण परदेशी पाहुणे नाहीत. नांदेडहून संशोधनासाठी पुण्याच्या जयकर ग्रंथालयात आलेली मुलगी, शिवाजी विद्यापीठात परिषदेला आलेला सावंतवाडीचा प्राध्यापक, आणि मुख्य म्हणजे संलग्न कॉलेजातला विद्यार्थी, यांच्यासाठी ते हवे. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२च्या अखिल भारतीय पाहणीत महाराष्ट्रात ४,६९२ कॉलेजे मोजली गेली. आपली बहुसंख्य मुले विद्यापीठाच्या आवारात नसतात, या कॉलेजांत असतात. परीक्षा शुल्क ती विद्यापीठाला भरतात, पदवीवर नाव विद्यापीठाचे असते, पण विद्यापीठाच्या आवारात आल्यावर वाय-फायसाठी त्यांना ‘तुम्ही इथले नाही’ असे ऐकावे लागते. अर्जात दुरुस्ती करायला तालुक्याच्या गावाहून एसटीने आलेला मुलगा फाटकाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात पैसे देऊन फॉर्म भरतो, हे दृश्य विद्यापीठाला कमीपणा आणणारे आहे. महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, श्रेयांक जमा करण्याचा एबीसी आयडी, परीक्षा अर्ज, निकाल, सगळे ऑनलाइन करायचे आणि ऑनलाइन जाण्याची सोय ज्याची त्याने पाहायची, ही विभागणी अन्यायाची आहे.

पैशांचे काय? खर्च आहे, आणि तो दरवर्षीचा आहे. हीच अडचण आहे. आपल्या योजना एकदाच्या खरेदीला पैसे देतात. उद्घाटन होते, फीत कापली जाते. तीन वर्षांनी देखभालीचा करार संपतो आणि कॉरिडॉरमध्ये छताला लटकणारे ॲक्सेस पॉइंट दिवा न लागता तसेच राहतात. ग्रंथालयाला मात्र दरवर्षी तरतूद मिळते, कारण नियतकालिके दरवर्षी घ्यावी लागतात हे सगळ्यांनी मान्य केले आहे. वाय-फाय ग्रंथालयाच्या खात्यात टाका म्हणतो ते यासाठी. वर्गणी आता केंद्र भरते आहे, तर त्या नियतकालिकांवर वाचलेल्या पैशातला काही भाग ती वाचता यावीत म्हणून जाळ्यावर घालायला हरकत काय? आणि निदान दोन माणसे कायम नोकरीतली हवीत, ज्यांना आवारातला प्रत्येक स्विच ठाऊक आहे. सगळे काम कंत्राटी मुलांवर सोपवायचे, ते वर्षभरात चांगली नोकरी मिळून जातात, आणि त्यांच्याबरोबर पासवर्डही जातात, असे मी स्वतः एका संस्थेत पाहिले आहे.

यासाठी नवे खाते काढायला नको. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ने प्रत्येक विद्यापीठात माहिती तंत्रज्ञान मंडळ ठेवलेच आहे. त्या मंडळाने दर सत्राच्या शेवटी एक पान जाहीर करावे: कोणत्या इमारतीत सिग्नल पोचतो आणि कोणत्या नाही, जाळे किती तास बंद होते, तक्रारी किती आल्या, सरासरी किती दिवसांत मिटल्या, काय काय अडवलेले आहे. वसतिगृहांचे आकडे मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. मंडळाच्या बैठकीला ग्रंथपालांना आणि वसतिगृहातल्या एका विद्यार्थिनीला बोलवावे. मार्चमध्ये अधिसभेपुढे अर्थसंकल्प येतो तेव्हा सदस्यांनी हे पान हातात घेऊन विचारावे, की गेल्या वर्षी वसतिगृहांतल्या जाळ्याच्या देखभालीवर किती खर्च झाला आणि यंदा त्यासाठी किती ठेवले आहेत. पदवीधर मतदारसंघातून निवडून येणाऱ्यांच्या जाहीरनाम्यात वाय-फायचे आश्वासन असतेच. मतदारांनी त्यांना याच आकड्यांचा हिशेब मागावा.